वहीतलं नाव

खानदेशात माळकऱ्याबद्दल गावात दोनच बातम्या असतात: अमक्यानं माळ घातली आणि तमक्यानं माळ काढली. अमळनेरला सखाराम महाराजांच्या समाधीपाशी वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. पण या वारकऱ्यांची हजेरीवही कुठे नाही. माळ काढणाऱ्याला घरच्यांचे चार शब्द ऐकावे लागतात, राजीनामा द्यावा लागत नाही. पुढच्या आषाढीला तो पुन्हा दिंडीत दिसला, तर मागचा हिशेब कोणी काढत नाही.

हे झालं संप्रदायाचं. जातीचं तसं नव्हतं. जात माणूस सोडत नसे, जातच माणसाला टाकत असे. हुक्कापाणी बंद, रोटीबेटी बंद, मयताला खांदा नाही. ‘वाळीत टाकणे’ या क्रियापदाचा कर्ता कायम पंचायत. माणूस त्यात फक्त कर्म. महाराष्ट्राला याविरुद्ध 2016 साली वेगळा कायदा करावा लागला, यावरून ही चाल किती मुरलेली होती ते कळतं. ‘मी सोडतो’ असं म्हणायला तिथे व्याकरणच नव्हतं.

ते व्याकरण 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात तयार झालं. येवला आमच्यापासून लांब नाही, मनमाडच्या पलीकडे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 पासून चालला होता आणि दार उघडलं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेत सांगितलं की हिंदू म्हणून जन्मणं आपल्या हाती नव्हतं, पण तसं मरणार नाही. जन्म आणि निवड या दोन गोष्टी त्या दिवशी वेगळ्या झाल्या. पुढे 31 जुलै 1937 ला ते न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. त्या तारखेला तिथे आजही माणसं जमतात.

मला घोषणेपेक्षा तिच्यानंतरची 21 वर्षं जास्त विचारात पाडतात. रागाच्या भरात घर सोडणारा माणूस त्याच रात्री बाहेर पडतो. बाबासाहेब एवढा काळ वाचत राहिले, तपासत राहिले, कारण लाखो माणसं त्यांच्या मागे होती आणि त्यांना उघड्यावर आणून सोडायचं नव्हतं. जायचं कुठे हे ठरल्याशिवाय निघायचं नाही, ही सोडण्याच्या विचारातली मोठी भर आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये जुनं नाकारणं आणि नवं स्वीकारणं शेजारीशेजारी आहे.

मग आली वही. महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, 1961 मध्ये जवळपास 28 लाख. पण अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. राज्यानं 1960 मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राची दुरुस्ती यायला 1990 उजाडलं. मधल्या एका अख्ख्या पिढीला घरातल्या भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म, असं दुहेरी जगावं लागलं. फीमाफी आणि नोकरी त्या दाखल्यावर होती. त्यांना बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

2001 मध्ये राज्यात बौद्ध 6.03 टक्के होते, 2011 मध्ये 5.81. संख्या 58 लाखांवरून 65 लाखांवर गेली, हिस्सा मात्र घटला. यावरून लोक परत फिरले असं कोणी म्हणालं, तर ते मला पटत नाही. लहान झालेली कुटुंबं आहेत, आणि दाखल्याच्या धाकानं रकान्यात जुनाच शब्द सांगायची सवयही आहे.

अमेरिकेत मॉर्मन चर्चचं नेमकं उलट दिसतं. जोसेफ स्मिथनं 1830 मध्ये स्थापलेल्या या चर्चमध्ये मुलाला आठव्या वर्षी बाप्तिस्मा देतात आणि नाव नोंदवहीत जातं. पुढे त्यानं प्रार्थनेला जाणं सोडलं तरी नाव राहतं. काढायचं तर रीतसर मागणी करावी लागते. म्हणून जगभरातल्या सदस्यांचा अधिकृत आकडा 1 कोटी 70 लाखांच्या पुढे गेला आहे, आणि त्या घरांत वाढून स्वतःला मॉर्मन म्हणवणारे मात्र पाहण्यांमध्ये कमी होत आहेत. तिथे निघून गेलेली माणसं वहीत उरतात. इथे आलेली माणसं वहीत पोचत नाहीत.

खरी कसोटी वहीच्या बाहेरच लागते. श्रावणात धुळ्या-जळगावच्या गल्ल्यांतून कानबाई देवीची मिरवणूक निघते, वाजंत्री दारावरून जाते, लहानपणापासूनचे मित्र नाचता नाचता हाक मारतात. देव्हारा उतरवलेल्या घरातला मुलगा उंबऱ्यावर उभा असतो. त्यानं मित्रांसोबत नाचावं की आत यावं, हे कुठल्याही प्रतिज्ञेत लिहिलेलं नाही. दरवर्षी त्याला ते नव्यानं ठरवावं लागतं.

आता 2027 ची जनगणना येते आहे आणि यावेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक त्याच उंबऱ्यावर उभा राहून आधी धर्म विचारेल, मग जात. जे एकदा सोडलं त्याचं नाव उच्चारून जे धरलं ते सांगायचं, आणि तेही आईवडिलांच्या देखत.