अमूर्त धातुशिल्प आणि वगळण्याची नैतिकता

अमूर्त शिल्पाविषयी मराठीत जी थोडीफार चर्चा झाली ती बहुतांशी आकलनाच्या प्रश्नाभोवती फिरत राहिली. हे काय आहे, ते कळते कसे, आणि कळलेच पाहिजे का? त्या शिल्पाने काय वगळले आणि वगळण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. वास्तविक अमूर्तीकरण ही मुळात वगळण्याचीच क्रिया होय. विज्ञान आणि निसर्ग यांपासून प्रेरणा घेतल्याचे सांगणाऱ्या धातुशिल्पाच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण ‘प्रेरणा’ हा शब्द ऋणाची कबुली देतो आणि त्याच श्वासात ते फेडण्याची जबाबदारी टाळतो.

नाउम गाबो याने १९१९-२० मध्ये केलेली गतिशील रचना या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. एक उभी धातूची कांब आणि तिला कंप देणारे विजेचे यंत्र, एवढेच तिचे साहित्य. यंत्र सुरू झाले की कांबेभोवती एक पारदर्शक आकारमान दिसू लागते. थांबले की पुन्हा केवळ कांब उरते. पदार्थविज्ञान ज्याला स्थिर तरंग म्हणते तो येथे चित्रित होत नाही, तो प्रत्यक्ष घडतो. म्युनिकमध्ये वैद्यक, निसर्गविज्ञाने आणि अभियांत्रिकी यांचा अभ्यास केलेल्या गाबोला हा फरक नेमका ठाऊक असणार. मुंबईचे आदी दाविएरवाला (१९२२-१९७५) हेही औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन शिल्पकलेकडे आलेले. लाकडाकडून ते धातूकडे वळले आणि उत्तरकाळात त्यांनी शिल्पात चुंबकांचा उपयोग केला. दोन तुकड्यांमधील आकर्षण हे तेथे रूपक नसते, वस्तुस्थिती असते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. चुंबकांच्या शिल्पात समतोल चुकला तर रसिकाचा अपेक्षाभंग होण्याआधी शिल्पच ढासळेल.

अशा कृतींवर वगळण्याचा आरोप येऊ शकत नाही. नियम एका कांबेतही पूर्णपणे उपस्थित असतो, कारण नियमाला गाव नसते.

परंतु निसर्ग म्हणजे केवळ निसर्गनियम नव्हे. पोलादी पत्र्याला शिरांच्या जाळीसारखा आकार देऊन शिल्पकार त्याला ‘पान’ किंवा ‘वन’ असे नाव देतो, तेव्हा दाव्याचे स्वरूपच पालटते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिकांचा ऊहापोह केला, त्यांतील पहिलीचा आधार घेऊन हे शिल्प सर्व लौकिक प्रश्नांना बाहेर ठेवू पाहते, नाव मात्र ते लौकिकाकडून घेते. दोन्हीकडचे लाभ हवेत आणि दायित्व कोणतेच नको, अशी ही स्थिती आहे.

वन या शब्दात काय काय असू शकते याचा विचार एखाद्या विशिष्ट वनाच्या संदर्भातच करावा लागतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव मिळाले आहे. याच मेळघाटात मृताच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडाचा कोरीव मुंडा उभारण्याची कोरकूंची प्रथा आहे. त्यासाठीच्या विधीला सिडोली म्हणतात. मुंड्यावर सूर्य असतो, चंद्र असतो, बहुधा घोडेस्वारही असतो. सूर्य म्हणजे वर्तुळ, चंद्र म्हणजे कोर. मृताच्या चेहऱ्याशी साम्य साधण्याचा प्रयत्न नसतो. वगळणे येथेही आहे, आणि ते गाबोच्या कांबेइतकेच निर्दय आहे. तरीही हा मुंडा ‘मृत्यू’चा नसतो, तो अमुक माणसाचा असतो, आणि त्याचे ऋण कोणी फेडायचे हेही ठरलेले असते. चेहरा गाळला, पण ज्याचा तो चेहरा त्याला गाळले नाही.

मुंडा ही विधीची वस्तू आहे, कलाकृती नव्हे, तेव्हा तुलनाच अप्रस्तुत, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. मात्र तोच मुंडा झाडाखालून उचलून संग्रहालयात नेला की नागर रसिक त्याला बिनदिक्कत अमूर्त कला म्हणतो. तेव्हा आक्षेप कोठे जातो? आणि विज्ञानाचे काय? तेही वगळते, पण त्याला परत यावे लागते. व्याघ्रगणनेतील आकडा हे मोठे अमूर्तीकरण आहे. तथापि कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून वेगळा ओळखावा लागतो, त्याशिवाय आकड्याला आधार नाही. धातुशिल्पाने विज्ञानाकडून वगळण्याची रीत घेतली, परतण्याची शिस्त घेतली नाही.

धातूचा स्वतःचा इतिहास तर या शिल्पात सर्वांत आधी गळतो. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात, सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि त्या डोंगरावर जंगल आहे. म्हणून कोणी पोलाद हाताळू नये असा निष्कर्ष काढणे बालिश ठरेल; कुऱ्हाडीचे पातेही लोखंडाचेच असते. पण ज्या पत्र्यातून वन घडवायचे, त्याच्या खाणीसाठी कोठले वन गेले असेल, हा प्रश्न शिल्पाच्या आशयाबाहेरचा कसा ठरतो? गंजू नये म्हणून त्यावर जी काळजी घेतली जाते ती पानाच्या स्वभावाविरुद्धच आहे. मुंडा पावसात भिजतो, झिजतो. जो विधी करायचा तो झालेला असतो, लाकडाच्या टिकण्यावर तो अवलंबून नसतो.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला आज वन म्हटले जाते तेही एक अमूर्तीकरणच आहे. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नकाशावर गाभाक्षेत्राची रेषा आखताना माणसे वगळावी लागतात. त्यानुसार या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन जंगलाबाहेर झाले, पुढे आणखी गावे गेली. वाघासाठी ते आवश्यक होते असे मानणाऱ्यांच्या बाजूला सबळ पुरावे आहेत, आणि त्या गावांना शाळा-दवाखाना जवळ हवा होता हेही खोटे नाही. शहरातील चौकात ‘वन’ नावाचे पोलादी शिल्प उभे राहते तेव्हा ते बहुधा याच निर्मनुष्य वनाचे रूप घेते. नकाशाने एकदा गाळलेले ते पुन्हा गाळते, आणि यावेळी वाघाचे कारणही त्याच्याजवळ नसते. गावाची घरे, गुरे, कौले हलवता येतात. झाडाखाली उभ्या केलेल्या मुंड्याचे मूल्य भरपाईच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?