अधिकार सोडावा, काम नव्हे

12 जुलै 1974 रोजी बिल शँक्ली यांनी लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षकपद सोडल्याचे जाहीर झाले, तेव्हा शहरातल्या लोकांचा त्यावर विश्वास बसेना. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्या संघाने न्यूकॅसलला 3-0 असे हरवून एफ.ए. कप जिंकला होता. डिसेंबर 1959 मध्ये ते आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता. त्यांनी तो वर काढला, 1964, 1966 आणि 1973 साली लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि मग साठाव्या वर्षी, कोणी जा म्हणत नसताना, खुर्ची रिकामी केली. निवृत्त कसे व्हावे याचा हा आदर्श वाटतो. पण शँक्लींची पुढची सात वर्षे सुखाची गेली नाहीत. 29 सप्टेंबर 1981 रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत या निर्णयाची खंत त्यांना छळत राहिली. योग्य वेळी, मानाने, स्वतःहून पद सोडूनही माणूस अस्वस्थ का राहतो, हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. वय झाल्यावर नेमके काय सोडायचे, या धर्मविचारातल्या जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला वानप्रस्थाश्रमाचे उत्तर दिले. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. याचा रूढ अर्थ असा, की उतारवयात माणसाने कामातून अंग काढून घ्यावे, संसारापासून दूर व्हावे आणि देवाचे नाव घेत बसावे. गीतेचा अठरावा अध्याय मात्र वेगळी दिशा दाखवतो. तेथे यज्ञ, दान आणि तप ही कर्मे टाकू नयेत, ती आसक्ती आणि फळाची आशा सोडून करावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. या दोन विचारांची सांगड घातली तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. उतारवयात सोडायचा असतो तो अधिकार. काम सोडायचे नसते. आपल्याकडे बहुतेकांचे नेमके उलटे होते. काम सुटते आणि अधिकाराची ओढ तेवढी शिल्लक राहते. दुःखाचे मूळ तिथे आहे.

शँक्लींच्या निवृत्तीनंतरच्या दिनक्रमात हा फरक लख्ख दिसतो. पद सोडल्यावरही ते मेलवुड या क्लबच्या सराव मैदानावर जात राहिले. हेतू वाईट नव्हता. अंग हलते राहावे, ओळखीच्या गवतावर चार फेऱ्या माराव्यात, मुलांशी बोलावे, एवढेच. पण मैदानावर त्यांचे पाऊल पडले की खेळाडू त्यांना सवयीने ‘बॉस’ म्हणत, आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या प्रशिक्षकाला मात्र नुसते ‘बॉब’. हे बॉब पेझली जवळजवळ पंधरा वर्षे शँक्लींच्या हाताखाली राबलेले, आणि शँक्लींनी पद सोडू नये म्हणून त्यांची मनधरणी केलेले. एका मैदानावर दोन बॉस असू शकत नाहीत. हळूहळू शँक्लींना जाणवू लागले की आपण इथे नकोसे झालो आहोत. ती जखम त्यांनी 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात उघडी केली. आपल्या क्लबपेक्षा इतर क्लबांनी आपले अधिक प्रेमाने स्वागत केले, हे त्यांचे दुखणे होते.

त्याच शँक्लींचा दुसरा दिनक्रमही होता. वेस्ट डर्बी भागातल्या साध्या घरात ते राहत. चाहत्यांची पत्रे येत आणि जुन्या टंकलेखन यंत्रावर ते स्वतः बसून त्यांना उत्तरे लिहीत. दारात आलेल्या माणसाला आत घेत. आणि जवळच्या मैदानावर आसपासच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळत, तेही अगदी ईर्षेने, जिंकण्यासाठी. इथे ना संघ निवडायचा होता, ना कोणाला वगळायचे होते, ना गुणतक्ता होता. ज्या खेळासाठी ग्लेनबक या स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांच्या खेड्यातून, खाणीतली मजुरी करून, ते बाहेर पडले होते, तोच खेळ इथे होता. फक्त त्यावरची सत्ता नव्हती. मेलवुडच्या वाटेवर त्यांना अपमान भेटला. पोरांच्या मैदानावर त्यांचा अपमान कोणी करूच शकत नव्हते, कारण तिथे ते काहीच राखायला गेले नव्हते. माणूस तोच, खेळ तोच, पाऊलही तेच. वेगळे होते ते फक्त अधिकाराचे ओझे.

यावर पहिला आक्षेप असा, की आसक्तीमुळेच हा माणूस मोठा झाला, आणि आता त्याच्याकडून अनासक्तीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ज्याने आयुष्यभर दिवसरात्र दुसरे काही मनात येऊ दिले नाही, त्याने एका सकाळी ते सगळे झटकून टाकावे हे माणसाच्या स्वभावात बसत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यात दोन प्रकारची आसक्ती एक मानलेली आहे. खेळावरचे प्रेम आणि निर्णय आपल्याच हाती असण्याची सवय एकमेकांत मिसळलेली असतात, तरी ती एक नसतात. शँक्लींचीच साक्ष काढता येते. आपला समाजवाद म्हणजे सगळ्यांनी एकमेकांसाठी राबावे आणि फळ वाटून घ्यावे, असे ते सांगत. फळ सगळ्यांचे, हे ज्याला इतके स्वच्छ दिसत होते, त्याला अधिकारही आपला एकट्याचा नव्हे, तो संघाने काही काळापुरता सोपवलेला असतो, हे कळणे अशक्य नव्हते. ते कठीण होते एवढेच, कारण फळ वाटून घेण्याचा सराव आयुष्यभर होतो. अधिकार वाटून घेण्याचा कधीच होत नाही. उपाय म्हणून साठीची वाट पाहू नये. पदावर असतानाच रोज थोडा अधिकार दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकावे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. दोष त्या माणसावर का लादायचा? ज्याने क्लबला घडवले, त्याला सन्मानाने जवळ ठेवणे क्लबचे कर्तव्य नव्हते का? होते, आणि ते नीट पाळले गेले नाही असे मलाही वाटते. कृतज्ञता हे ऋण आहे आणि ते फेडलेच पाहिजे. पण पेझलींची बाजूही पाहायला हवी. पुढच्या नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप जिंकले. मैदानावर रोज दुसरा ‘बॉस’ वावरत असता, तर त्यांना स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली असती का? कृतज्ञता ज्येष्ठाला मान देऊ शकते, काम देऊ शकते. अधिकार मात्र परत देऊ शकत नाही. संस्थेने त्यांना आदराने बोलवावे आणि त्यांनी आदेश न देता यावे. दोन्ही बाजूंनी हे पथ्य पाळले तरच आदर टिकतो.

तिसरा आक्षेप असा, की हा सगळा पोटापाण्याची ददात नसलेल्यांचा विचार आहे; रोजंदारीवरच्या मजुराला कुठली निवृत्ती आणि कुठला वानप्रस्थ? खरे आहे. ज्याला सत्तरीतही पोटासाठी पाटी उचलावी लागते, त्याला अनासक्तीचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. त्याला आधी पेन्शन हवी. पण अधिकार फक्त मोठ्या पदांवर नसतो. घरात पस्तीस-चाळीस वर्षे स्वयंपाकघर चालवलेल्या सासूला सून आल्यावर हाच प्रश्न पडतो. जी सासू किल्ल्या देऊन टाकते, मीठ किती घालायचे ते सुनेवर सोडते आणि तरीही रोज बसून भाजी निवडून देते, तिने कुठलाही ग्रंथ न वाचता वानप्रस्थ साधलेला असतो. किल्ल्या देऊनही जी प्रत्येक पातेल्यावरचे झाकण उघडून पाहते, तिला ओट्यापाशी कितीही मान मिळाला तरी समाधान मिळत नाही. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, कोणाचीच यातून सुटका नाही.

म्हणून निवृत्तीची तयारी म्हणजे नुसती पैशांची जुळवाजुळव नव्हे, आणि देवधर्माला वेळ काढणे एवढीही नव्हे. जे काम आपण आयुष्यभर केले, ते पद, पगार आणि हुकूम वजा करून कुठे करता येईल, ते ठिकाण आधीच शोधून ठेवणे ही खरी तयारी. शिक्षकाला वस्तीतली मुले मिळतील, हिशेबनिसाला गावची पतसंस्था मिळेल, प्रशिक्षकाला पोरांचे मैदान मिळेल. निवृत्त झालेल्या प्रत्येकाने सकाळी फिरायला बाहेर पडताना स्वतःला एकच गोष्ट विचारावी: मी निघालो आहे तो काम करायला, की आपली जुनी जागा अजून आपलीच आहे का ते पाहायला? उत्तर दुसरे येत असेल तर वाट बदलावी. आणि जे आज खुर्चीवर आहेत, त्यांनी ज्येष्ठांना अवश्य बोलवावे, काम सांगावे, त्यांचे ऐकून घ्यावे. निर्णय मात्र स्वतः घ्यावा. त्यात दोघांचाही मान आहे.