हायवेच्या माथी

परवाच्या एड्स दिनाच्या कार्यक्रमाचं वर्णन करत बसत नाही, तुम्ही फ्लेक्सवर पाहिलाच असेल. चेहऱ्यांची गर्दी इतकी, की लाल रिबिनीला कोपऱ्यात उभं राहावं लागलं. डोकं उठलं ते एका वाक्यानं : “आपल्याकडे हा रोग नव्हताच हो, हायवेवरचे ट्रकवाले आणतात.” टाळ्या पडल्या.

काय सोय आहे! मग आच्छाडच्या नाक्यावर ट्रकची पावती फाडतात तशी विषाणूचीही फाडा ना. तो म्हणे धाब्यावर उतरतो, चारोटीला चहा घेतो, पण रस्ता सोडून पाड्यावर जात नाही, कारण तिथे आपली माणसं राहतात. बरं, ट्रकवाला आणतो तर देतो कुणाला? की तेही आपापसात वाटून घेऊन सुरतेला निघून जातात? मिझोराममध्ये प्रौढांतलं लागणीचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या वर आहे, देशाचं 0.2 च्या आसपास. तिथे विषाणू बराच काळ नशेच्या सुईनं पसरला, आता बहुतांशी शरीरसंबंधांतून. तिथे कुठला मुंबई-अहमदाबाद महामार्ग? आपल्या राज्यात नव्या लागणी पूर्वीपेक्षा पुष्कळ घटल्या, तरी बाधितांची संख्या देशात सर्वांत मोठी, चार लाखांच्या घरात. सगळे ट्रक चालवतात?

तपासणीची किट संपली, लोक येत नाहीत, हेही ऐकलं. असेल.

येणार कोण? नारळी पौर्णिमेनंतर डहाणू-तलासरीची पोरं उचल घेऊन वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पाकिस्ताननं बोट पकडली तरच या पोरांची नावं पेपरात येतात. ती बाहेर जातात म्हणून आता त्यांनाच नवे ट्रकवाले करू नका. माझं म्हणणं एवढंच, की 1 डिसेंबरला गावात तरणा पुरुष सापडतो कुठे? सापडतात शाळेतली मुलं आणि वक्ते.

मागे राहिलेल्या गरोदर बाईचं रक्त मात्र तपासलं जातं. जावंच, त्यानं बाळ वाचतं. पण त्यामुळे घरातला पहिला अहवाल तिचा येतो, आणि सासू म्हणते, “हिनंच आणला.” नवऱ्याच्या तपासणीचा रकाना कोरा, तो बोटीवर. तपासली गेली म्हणून ती गुन्हेगार, तपासला नाही म्हणून तो सज्जन. संमती आणि गुप्ततेचा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तरी पाड्यावर बातमी अहवालाच्या आधी पोचते. गोळ्या सरकारी केंद्रात 2004 पासून फुकट मिळतात, आणि रोज घेऊन विषाणू दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. हे फ्लेक्सवर का नाही छापत? चेहऱ्यांना जागा कमी पडेल, दुसरं काय.

तपासणीचं टेबल होळीला लावा. तेव्हा निम्मं गाव परत आलेलं असतं. कर्मचाऱ्यांना सुट्टी असते म्हणाल, तर धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी लावा, पण सकाळीच. उचल फिटलेली नसली की पोरं दुपारच्या गाडीनं परत निघतात.