पदवी, पेशा आणि झुकलेली मान

आपल्या घरातला पहिला पदवीधर नोकरीला निघाला की वडीलधारी मंडळी हमखास सांगतात, “बेटा, जरा झुकून राहा.” या उपदेशात विनय असतो आणि भीतीही असते. आपले नाव ऐकून साहेब काय समजेल, ही धास्ती बोलून दाखवली जात नाही, पण ती असते. त्यामुळे आपल्याला नम्र व्हायला सांगितले की गप्प बसायला, हे त्या पोराला कळतच नाही. शिकून पेशात शिरणाऱ्या तरुणापुढचा खरा नैतिक प्रश्न मला हाच वाटतो. झुकायचे ते कोणापुढे?

बीडहून मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागले की बिंदुसरा धरणाजवळ पाली गाव येते. आरोग्य खात्यातल्या नोकरीतून आलेले दत्ता बारगजे आणि त्यांच्या पत्नी संध्या यांनी एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या मुलांसाठी तेथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था उभी केली. प्रकल्पाचे नाव आनंदवन.

स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही, हे नर्सिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असते. परीक्षेत त्याचे दोन-चार गुण मिळतात. पण अशा मुलाचे नाक पुसायचे, त्याला कुशीत घेऊन झोपवायचे, तेव्हा त्या उत्तरावर आपला स्वतःचा विश्वास किती, हे समजते. भिणाऱ्या शेजाऱ्याला “अडाणी” म्हणणे पदवीधराला फार सोपे असते. त्याची भीती पत्रके वाटून जात नाही. तिथे राहून, जेवून, वर्षानुवर्षे दिसत राहावे लागते.

वरोऱ्याच्या मूळ आनंदवनाची गोष्ट याच जातीची. बाबा आमटे वकील होते. महारोग्यांसाठी काम करायचे ठरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन पुन्हा बाकावर बसले. नुसत्या करुणेवर त्यांनी भागवले नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. नम्रतेच्या नावाखाली ज्ञानाला कमी लेखणारेही आपल्यात कमी नाहीत.

इमाम गझालींविषयी एक कथा सांगितली जाते. तरुणपणी शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी त्यांच्या वह्या लुटल्या. सगळी विद्या त्यातच आहे, म्हणून ते विनवू लागले. तेव्हा दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. वह्या गेल्यावर जी जाते ती कसली विद्या, असे त्याचे म्हणणे. गझालींनी ते मनावर घेतले आणि पुढची तीन वर्षे टिपणे पाठ करण्यात घालवली. एवढा मोठा आलिम एका लुटारूचे ऐकतो. आमचा नवा डॉक्टर वॉर्डातल्या आयाबाईचे ऐकत नाही!

ऐकण्याचे कारण निव्वळ शिष्टाचार नव्हे. २००४ पासून सरकारने एच.आय.व्ही.ची ए.आर.टी. औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. ती रोज, वेळेवर, न चुकता घ्यावी लागतात. पोराने गोळी गिळली की उशीखाली लपवली, हे डॉक्टरला माहीत नसते. जेवू घालणाऱ्या बाईला माहीत असते. तिला विचारल्याशिवाय औषध बदलणारा डॉक्टर हुशार असला तरी अर्धवट माहितीवर काम करतो.

याउलट, वरिष्ठाने लिहिलेला डोस चुकला आहे हे दिसत असूनही नवी परिचारिका “मी कोण बोलणारी?” म्हणून खाली मान घालत असेल, तर तिला मी नम्र म्हणणार नाही. त्या मौनाची किंमत रोगी भरतो. आपल्या मुलींना ‘झुकून राहा’ सांगताना हा फरकही सांगायला हवा. पदाचा मान राखून, स्पष्ट शब्दांत, त्याच वेळी बोलायचे असते. नोकरी नवी असली तरी.

बीड जिल्ह्यात तर याची परीक्षा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास होते. कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या कित्येक महिन्यांसाठी. केस-पेपरवर “दर महिन्याला येणे” असे लिहून मोकळे होणाऱ्या डॉक्टरचे पुस्तक चुकलेले नसते. फक्त समोरची बाई पुढच्या महिन्यात इथे नसणार. टोळी कधी निघणार, फड कोणत्या तालुक्यात पडणार, हे त्याने तिलाच विचारायचे आणि तिकडच्या केंद्राची चिठ्ठी निघण्याआधी तिच्या हातात द्यायची.