दाब आणि स्वभाव

संकटांत माणसाचा खरा स्वभाव दिसतो असें आपण नेहमीं म्हणतों, आणि या एका वाक्यावर कित्येकांच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतों. दाबाखालीं जें दिसतें तेंच खरें, हें कशावरून? या प्रश्नीं आम्हांस दगडाची साक्ष काढावीशी वाटते.

घोटीहून कळसूबाईपर्यंत पसरलेला काळा कातळ सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्यांत लोह व मॅग्नेशियम असलेलीं सिलिकेट खनिजें आहेत. पायरोक्सीन पुष्कळ, ऑलिव्हिन कोठें कोठें. यांत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोंवतीं प्राणवायूचे चार अणु असतात. पण याच जातीचीं खनिजें भूगर्भांत सुमारें ६६० किलोमीटर खोल गेलीं, म्हणजे दाब वातावरणाच्या सव्वादोन लाख पटींवर गेला, कीं चारांच्या जागीं सहा अणु दाटीनें बसतात आणि ब्रिजमनाइट हें निराळेंच घट्ट खनिज बनतें. उच्च दाबाच्या संशोधनासाठीं १९४६ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पर्सी ब्रिजमन यांचें नांव त्यास २०१४ सालीं मिळालें.

इतक्या खोलवरचें खनिज कोणास दिसणार? पण २२ मे २०१२ रोजीं नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें उल्का पडली, आणि तिच्यांत लोहयुक्त ब्रिजमनाइट सांपडल्याचें खडगपूरच्या आय. आय. टी.तील सुजय घोष व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. अवकाशांतील एका टकरीनें दगडाच्या शिरा वितळल्या, दाब असतांनाच थिजल्या, आणि दाब ओसरला तरी ती घडण तशीच राहिली. तिला फार तापविलें तर मात्र ती मोडते.

आतां या द्रव्याचें खरें रूप कोणतें? भूगर्भांत ब्रिजमनाइटाइतकें विपुल दुसरें खनिज नाहीं. तेथें राहणारा कोणी असता तर आपल्या कातळांतील मोकळी ठेवण त्यास विकृति वाटली असती. आमच्या मतें दाब आंतलें लपलेलें उघडें करीत नाहीं. तो नवी घडण करतो. मात्र वाटेल ती नव्हे, द्रव्यांत जी शक्य आहे तीच. ऑलिव्हिनांत लोह अधिक असलें तर तें कमी दाबालाच रूप बदलतें. पोलादी मनाचें कौतुक करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

यावर कोणी म्हणेल, मग दुष्काळांत धान्य दडविणाराहि निर्दोषच! तसें नाहीं. दगडास निवड नसते. शेजाऱ्याच्या पोरास आपल्यांतली अर्धी भाकरी देणारा त्याच दाबाखालीं असतो, म्हणून दडविणाऱ्यास त्या कृत्याचा जाब द्यावाच लागेल. पण त्या एका वर्षावरून त्याच्या पुढल्यामागल्या चाळीस वर्षांस खोटें ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

आणि काटोलच्या कणासारखीं माणसें तर घरोघरीं आहेत. बालपणीं उपास काढलेले आजोबा मुलाच्या भरल्या घरांत काड्यापेटींतल्या काड्या मोजतात, नातवंडें हसतात, सुना कंजूष म्हणतात. दाब सरून साठ वर्षें झालीं. त्यांना आतां बदला म्हणून सांगणारे आपण त्यांना पुन्हां किती तापवावें लागेल याचा हिशेब करीत नाहीं.