एकट्याची शर्यत

"हे मी एकट्याने केले," असे माणूस अभिमानाने म्हणतो. पण एकट्याने म्हणजे नेमके कसे? या प्रश्नाचा विचार करताना मला एका सायकल शर्यतीची आठवण होते.

'टूर डिव्हाइड' हे तिचे नाव. कॅनडातील बॅन्फ येथे ती जून महिन्यात सुरू होते आणि रॉकी पर्वतराजीतून दक्षिणेकडे जात अमेरिका-मेक्सिको सीमेवरील अँटिलोप वेल्स येथे संपते. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. रस्ता बहुतांशी कच्चा. कोलोरॅडोतील इंडियाना खिंड तर ३,६०० मीटरहूनही उंच. या मार्गाचा अमेरिकेतील भाग जॉन स्टॅमस्टॅड याने १९९९ साली एकट्याने १८ दिवस ५ तासांत पार केला. २००८ साली 'टूर डिव्हाइड' सुरू झाली. तिला प्रवेश शुल्क नाही आणि विजेत्याला बक्षीसही नाही.

तयारी महिनोन्‌महिने चालते. सामानाने लादलेली सायकल घेऊन चढ चढायचे, फाटलेला टायर आणि तुटलेली साखळी अंधारात दुरुस्त करायला शिकायचे, प्रत्येक वस्तू हातात घेऊन "ही खरोखर लागेल का?" असे स्वतःला विचारायचे. सामानाची ही निवड म्हणजे एक प्रकारचे आत्मपरीक्षणच होय.

मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या शर्यतीचा नियम. स्पर्धकाने मदत घ्यायचीच नाही, असे तो म्हणत नाही. वाटेवरच्या दुकानातून भाकरी विकत घ्यावी, खानावळीत जेवावे, धर्मशाळेत वा हॉटेलात झोपावे. कारण ती दारे सर्वांनाच उघडी आहेत. परंतु जी मदत आगाऊ ठरवून केवळ आपल्यासाठी उभी केलेली आहे, ती घ्यायची नाही. मार्ग सोडून गावात गेलात, तर जिथे सोडला तिथूनच पुन्हा सुरुवात करायची.

समजा, भर पावसात, निर्जन खिंडीपाशी ओळखीचा मित्र गरम जेवण घेऊन उभा आहे. उपग्रहाद्वारे स्पर्धकाचा ठिपका नकाशावर दिसतो खरा. पण तो कोणाच्या हातचे जेवला, हे ठिपका सांगत नाही. तिथे पंच नाही, प्रेक्षक नाही. साक्षीला आहे ती फक्त सदसद्विवेकबुद्धी.

म्हणजे 'एकटा' याचा अर्थ 'मदतीविना' असा नाही. मार्ग कोणी आखला, दुकान कोणी उघडे ठेवले, घरी मुलांना कोणी सांभाळले? पूर्णपणे एकटा असा कोणीच नसतो. एकटा म्हणजे वशिल्याविना.

हा शब्द उच्चारताच ती दूरची शर्यत आपल्या अंगणात येते. शाळेतील प्रवेश, नोकरी, कचेरीतील रांग: "आपला माणूस आहे ना आत?" हा प्रश्न आपण किती सहजपणे विचारतो! काम झाले की "देवाच्या कृपेने झाले" असेही म्हणतो. रांगेत मागे राहिलेल्याचे काय झाले, हे मात्र विचारत नाही.

येथे कोणी म्हणेल, आई आपल्या लेकराला देते ते सर्वांना कुठे देते? मग मायाही वशिलाच का? नाही. आईने रात्र जागून काढली, तर कोणाच्या ताटातला घास कमी होत नाही. ती स्वतःतले देते. वशिला देतो ते दुसऱ्याच्या वाट्याचे असते. भेद एवढाच आहे; पण तो ओळखायला आयुष्य अपुरे पडते.

त्या खिंडीपाशी मित्राला हात करून पुढे जाणारा सायकलस्वार भुकेलाच राहील, कदाचित मागेही पडेल. कोणाला ते कळणारही नाही. परंतु शेवटच्या दगडापाशी पोहोचल्यावर "मी एकट्याने केले" हे वाक्य तो अडखळल्याशिवाय म्हणू शकेल. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या यशाविषयी ते म्हणता येईल?