कान, मिश्या आणि हाक

सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३९ या धक्क्यावर तराफ्यांवर समुद्रसिंह एकमेकांवर रेलून पडलेले असतात. १९८९ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच त्यांनी तिथे ठाण मांडलं. लेकीकडे गेले असताना नातवाला घेऊन तिथे उभी होते. शेजारचे एक मराठी वडील मुलीला म्हणाले, "ते बघ सील!" आणि दोघं पुढे गेली. ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं.

नाव सांगणं वेगळं आणि ओळख करून देणं वेगळं. समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे इवले कान असतात. वल्ह्यांसारखे मागचे पाय पोटाखाली वळवून तो चारी पायांवर चालतो. खरा सील पोटावर सरपटतो. एवढं दाखवायला अर्धं मिनिट पुरतं. नातू कठड्याला धरून कितीतरी वेळ कान शोधत राहिला.

पुण्यात बालवाडी चालवणाऱ्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, कान काय करायचेत त्याला? आई-बाळाची गोष्ट सांग." मला राग आला. धक्क्यावर बहुतेक नरच असतात. तिथे आई कुठली आणि बाळ कुठलं? शिवाय प्राण्याला माणूस केलं की प्राणी उरत नाही. सर्कशीने हेच केलं. नाकावर चेंडू तोलणारा विदूषक मुलांनी पाहिला. पण ज्या मिश्यांच्या जोरावर तो चेंडू तोलतो, त्याच मिश्यांनी तो पुढे गेलेल्या माशाचा पाण्यातला माग काढतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

तरी तिचं म्हणणं डोक्यातून जाईना. दक्षिण कॅलिफोर्नियाजवळच्या चॅनेल बेटांवर जूनच्या सुमारास समुद्रसिंहांची पिल्लं जन्मतात. आई आठवडाभर पिल्लापाशी राहते, मग मासे धरायला समुद्रात जाते आणि काही दिवसांनी परतते. शेकडो पिल्लांच्या गलक्यात ती हाक घालते, तिचं पिल्लू ओ देतं आणि ती हुंगून खात्री करून घेते. पाळणाघराच्या दाराशी संध्याकाळी वाट पाहणारं कुठलंही मूल हे जाणतं. इथे प्राण्याला माणूस करावं लागत नाही, साम्य खरंच आहे. मैत्रिणीचं बरोबर होतं, माझं चुकलं.

फक्त गोष्ट अर्धी सांगू नये. परकं पिल्लू दूध प्यायला आलं तर तीच आई त्याला चावून हाकलते. आणि २०१५ साली समुद्र तापला, मासे बेटांपासून लांब गेले, आयांना पुरेसं दूध पाजता येईना. त्या वर्षी हजारो उपाशी पिल्लं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागली.